ओळख आधी आणि काम नंतर, हा क्रम उलटा आहे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या करिअर पुरवणीत गेल्या काही महिन्यांत ‘नेटवर्किंग’ या विषयावर बरेच मार्गदर्शन प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्याने व्यावसायिक समाजमाध्यमांवर आपली माहिती नीट मांडावी, आपल्या क्षेत्रातील वरिष्ठांना नियमितपणे संपर्काच्या विनंत्या पाठवाव्यात, चर्चासत्राला गेल्यावर अर्ध्या मिनिटात स्वतःची ओळख करून देण्याचा सराव ठेवावा, अशा सूचना त्यात होत्या. त्यांपैकी एकही सूचना चुकीची नाही. मात्र तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून सारी नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला त्या वाचताना एक प्रश्न पडतो. ज्या मुलामुलींच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारे ते पहिलेच आहेत, त्यांनी या विनंत्या नेमक्या कोणाला पाठवायच्या, आणि पाठवल्याच तर समोरच्याने त्यांच्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा?

एखादा माणूस दुसऱ्याला त्याच्या ध्येयापर्यंत पोचायला मनापासून मदत करतो, तेव्हा त्याआधी बहुधा एक लांबलचक, बिनबोभाट काळ गेलेला असतो. त्या काळात मदत करणाऱ्याने दुसऱ्याला काम करताना, वाचताना, चुकताना आणि पुन्हा उठून बसताना पाहिलेले असते. हे पाहणे घडायला दोघे नियमितपणे येतील अशी एखादी जागा लागते. म्हणून तरुणांना ओळखी वाढवायला सांगण्याआधी, जिथे अशी ओळख सहज घडते त्या जागा त्यांच्या वाट्याला येतात की नाही, हे पाहायला हवे. त्या जागांची काळजी आपण घेत नाही आणि त्यांची उणीव सल्ल्याने भरून काढू पाहतो, अशी माझी तक्रार आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेतील घटना मराठी वाचकाला परिचित आहेत, पण त्यांच्याकडे या बाजूने क्वचितच पाहिले जाते. एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकणारे भीमराव शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षकही त्याच बागेत वाचायला येत. नेहमी दिसणाऱ्या या मुलाची त्यांनी आपणहून विचारपूस केली आणि ते त्याला पुस्तके देऊ लागले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा समाजसुधारक सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली त्यांचा सत्कार झाला आणि त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे इंटरनंतरच्या शिक्षणाचा खर्च वडिलांना झेपेनासा झाला, तेव्हा याच केळुसकरांनी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला. महाराजांनी या विद्यार्थ्याला समक्ष बोलावून प्रश्न विचारले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. महाविद्यालयात प्रा. म्युलर त्यांना पुस्तके आणि कपडेही देत. बी. ए. झाल्यावर, १९१३ साली, ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार, अशी ती व्यवस्था होती.

यात केळुसकरांची भूमिका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यांच्याकडे ना दौलत होती ना अधिकारपद. ते शाळामास्तर होते. पण महाराजांपुढे त्यांच्या शब्दाला वजन होते, आणि तो शब्द ज्याच्यासाठी खर्च करायचा त्या मुलाला त्यांनी वर्षानुवर्षे वाचताना पाहिले होते. आपल्या पुरवणीतील पद्धतीने विचार केला असता तर त्या मुलाने थेट महाराजांशी संपर्क साधण्याचे तंत्र शिकायला हवे होते. प्रत्यक्षात त्याने बागेत बसून पुस्तक वाचले, आणि मधला माणूस आपोआप मिळाला. आपोआप म्हणताना थोडे थांबायला हवे, कारण ज्या जातीच्या मुलाला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला जात नव्हता, त्याच्याजवळ जाऊन बसण्याची बुद्धी एका शिक्षकाला होणे ही त्या काळात सहज घडणारी गोष्ट नव्हती. बाग सर्वांना खुली होती, म्हणून निदान ती घडू तरी शकली.

आजही दहावी-बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या निकालानंतर गावोगाव सत्कार होतात. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, चौकात फलक आणि पाहुण्यांचे लांबलेले भाषण. अशा पुष्कळ समारंभांना मी बसलो आहे. सत्कार करणाऱ्यांपैकी किती जण त्या मुलाला आधीपासून ओळखत होते आणि सहा महिन्यांनी तो कुठल्या महाविद्यालयात, कुठल्या खोलीत राहतो याची किती जणांना माहिती असते, हा प्रश्न विचारला तर समारंभाचा विरस होतो, म्हणून तो कोणी विचारत नाही. १९०७ च्या त्या सत्काराचे मोल सभेत नव्हते. सभेच्या आधी एक शिक्षक पुस्तके देत होता आणि सभेनंतरही त्याने हात सोडला नाही, यात ते होते.

न्यूयॉर्कमध्ये आंबेडकर ज्या वसतिगृहात राहत तिथे नवल भथेना हे पारशी विद्यार्थी त्यांच्यासोबत होते. हा स्नेह जन्मभर टिकला. १९२० साली अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी आंबेडकर पुन्हा लंडनला निघाले तेव्हा त्यांच्याजवळ सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून शिल्लक टाकलेली पुंजी होती, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत होती आणि भथेनांनी उसने दिलेले ५,००० रुपये होते. कोलंबियातील त्यांचे गुरू एडविन सेलिग्मन यांनी लंडनच्या हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी परिचयपत्र लिहिले होते. शाहू महाराजांशी त्यांचा संबंध दत्तोबा पवार यांच्यामार्फत जुळला आणि ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले त्याला महाराजांनी २,५०० रुपये दिले. शिक्षक, महाराज, खोलीतला सोबती, प्राध्यापक, संपादनाच्या कामातून जोडलेला संस्थानिक अशी ही माणसे एकमेकांपासून किती दूरची होती हे लक्षात घेतले म्हणजे, एकाच गावचा, एकाच जातीचा किंवा एकाच वर्गातला गोतावळा माणसाला कुठवर नेऊ शकतो आणि कुठे थांबवतो, याचाही अंदाज येतो. अर्थात आंबेडकरांचे कर्तृत्व मदतनिसांच्या खाती जमा करण्याचा माझा हेतू नाही. २५ रुपये मिळालेले विद्यार्थी तेव्हाही इतर असतील. पण कर्तृत्ववान माणसालाही कोणीतरी दार उघडून द्यावे लागते, आणि दार उघडणारा त्याला ओळखत असावा लागतो.

याची दुसरी बाजू सांगितली नाही तर हे पत्र गोड होईल आणि खोटेही. १९१७ साली करारानुसार आंबेडकर बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. स्वतः महाराज पाठीशी, परदेशी विद्यापीठाची पदवी हातात, तरी राहायला खोली मिळेना. एका पारशी विश्रामगृहात त्यांनी नाव बदलून आसरा घेतला, तो प्रकार उघड झाल्यावर काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले गेले. त्या दिवशी त्यांनी दोन मित्रांकडे निवारा मागितला होता. एक हिंदू आणि दुसरा भारतीय ख्रिश्चन. पहिल्याने सांगितले की तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसऱ्याने पत्नीला विचारावे लागेल असे सांगून वेळ मारून नेली. आंबेडकरांनीच हा प्रसंग पुढे लिहून ठेवला आहे. ते रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. काठ्या घेऊन आलेले पारशी होते आणि तीन वर्षांनी न मागे-पुढे पाहता पाच हजार रुपये देणारा भथेनाही पारशीच होता. फरक इतकाच दिसतो, की भथेनाने त्यांच्यासोबत एका छपराखाली दिवस काढले होते, आणि बडोद्यातल्या त्या दोन मित्रांची मैत्री घराच्या उंबऱ्याबाहेरची होती. मोठ्या माणसाशी असलेली ओळख एकटी किती लुळी असते, हे याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण मला ठाऊक नाही.

१९०७ च्या सत्काराचे अध्यक्ष बोले यांचे नाव सोळा वर्षांनी पुन्हा येते. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा १९२३ सालचा मुंबई विधिमंडळातील ठराव त्यांनीच मांडला होता. त्या ठरावाला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, आणि तरीही प्रत्यक्ष पाणी भरू दिले जात नव्हते म्हणून मार्च १९२७ चा सत्याग्रह झाला. त्या लढ्यात सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, बापूसाहेब सहस्रबुद्धे हे सवर्ण सहकारी होते. मॅट्रिकच्या सत्कारामुळे ठराव झाला असे म्हणणे बालिशपणाचे ठरेल. मला एवढेच दाखवायचे आहे की ही माणसे एकमेकांच्या नजरेसमोर राहिली, एकमेकांची कामे करत राहिली, आणि यातल्या कोणालाही सुरुवातीला माहीत नव्हते की पुढे कोण कोणाच्या उपयोगी पडणार आहे. उपयोग आधी ठरवून जोडलेली ओळख इतकी वर्षे टिकली नसती, असे मला वाटते.

आंबेडकरांनी स्वतः सार्वजनिक कामाला आरंभ केल्यावर आधी काय उभे केले, हेही पाहण्यासारखे आहे. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि जानेवारी १९२५ मध्ये तिने सोलापुरात वसतिगृह काढले. पुढे १९४५ ची पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ चे सिद्धार्थ महाविद्यालय. ज्याला स्वतःला राहायला जागा नाकारली गेली त्याने शिकणाऱ्यांसाठी राहण्याची जागा आधी काढली, यात मला योगायोग वाटत नाही.

वसतिगृहाचे हे महत्त्व शाहू महाराजांनी त्याच्याही आधी ओळखले होते. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात करून त्यांनी कोल्हापुरात जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे काढायला लावली. खेड्यातून आलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला तिथे अंथरूण आणि भाकरी मिळाली, शिवाय आपल्यासारखाच शहराला बिचकणारा सोबती आणि दोन इयत्ता पुढे असलेला, परीक्षेचा अर्ज कसा भरायचा हे सांगणारा थोरला मिळाला. या बोर्डिंगांची मर्यादा अशी, की ती जातवार होती. त्या काळात त्याला इलाज नसावा. जैन बोर्डिंगात राहिलेले भाऊराव पाटील या मर्यादेला वैतागले आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करून त्यांनी पुढे साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालवले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. एकाच पंक्तीला जेवणारी, एकत्र खड्डे खणणारी आणि एकाच कंदिलाभोवती अभ्यास करणारी ती मुले पुढे शिक्षक, वकील, अधिकारी झाली. आमच्या जिल्ह्यात त्या पिढीतल्या वृद्धांना बोर्डिंगातल्या सोबत्याविषयी बोलताना ज्यांनी ऐकले आहे, त्यांना नात्याच्या खरेपणाविषयी वेगळे व्याख्यान ऐकण्याची गरज नाही.

मुंबईने हेच निराळ्या रीतीने केले. गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांच्या खोल्या होत्या. एकेका खोलीत पाळ्यांनुसार झोपणारे एकाच गावचे कामगार, खाणावळवालीकडचे जेवण, गावच्या मंडळाची वर्गणी, आणि नवीन आलेल्या मुलाला गिरणीच्या दारापर्यंत घेऊन जाणारा काका किंवा गाववाला. गोव्याहून येणाऱ्या खलाशांसाठी धोबीतलाव, माझगाव भागात गावोगावचे ‘कूड’ होते, जिथे थोडक्या पैशांत पेटी ठेवायला आणि अंग टाकायला जागा मिळे आणि जहाजावरच्या नोकरीची बातमीही तिथेच कळे. या व्यवस्थांनी हजारो घरे उभी केली. पण गिरणीत माणसे घेण्याचा अधिकार जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती होता, आणि त्याने त्या अधिकाराचा बाजार मांडला. नोकरी द्यायची तर दस्तुरी म्हणजे लाच, बदलीवर घ्यायचे तर दस्तुरी. १९३१ साली शाही कामगार आयोगाने जॉबरच्या हातून ही सत्ता काढून कामगार अधिकारी नेमावेत अशी शिफारस केली ती याच कारणाने. ओळखीच्या जोरावर चालणाऱ्या व्यवस्थेत ओळख विकत घ्यावी लागू लागली की ती किती लवकर सडते, याची साक्ष मुंबईच्या कामगारांच्या इतिहासात आहे. आज पैसे घेऊन ‘रेफरल’ मिळवून देणारे जे महाभाग तरुणांना भेटतात, त्यांचे मूळपुरुष म्हणून मी जॉबरकडेच बोट दाखवीन.

माझ्या म्हणण्याच्या विरोधात एक वजनदार संशोधन दाखवले जाते, त्याचा विचार करायला हवा. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली असे मांडले की नोकरीची उपयुक्त बातमी जवळच्या मित्रांपेक्षा अधूनमधून भेटणाऱ्या परिचितांकडून अधिक मिळते, कारण जवळचे मित्र जे जाणतात ते आपणही जाणतच असतो. २०२२ साली एका मोठ्या व्यावसायिक समाजमाध्यमावरच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवर झालेल्या प्रयोगांतूनही नोकरी बदलण्यासाठी मध्यम सैल ओळखी अधिक उपयोगी पडतात असेच दिसले. यावरून आपल्या पुरवणीतील लेखकांनी असा निष्कर्ष काढला असावा की ओळखी जितक्या पसराल तितके बरे. पण ग्रॅनोव्हेटर यांनी ज्यांच्या मुलाखती घेतल्या ते बोस्टनजवळच्या एका उपनगरातले नोकरपेशातले लोक होते, आणि त्यांना बातमी देणारे ते सैल परिचित पुष्कळदा कॉलेजातले जुने मित्र, पूर्वीचे सहकारी किंवा पूर्वीचे मालक होते. म्हणजे ओळख आज सैल झाली असली तरी एके काळी ती एकाच वर्गात किंवा एकाच कचेरीत बसून झालेली होती. ज्याला असा वर्ग आणि अशी कचेरी मिळालीच नाही, त्याच्या अनोळखी विनंत्यांना हे संशोधन लागू करणे मला धाडसाचे वाटते. शिवाय बातमी मिळणे वेगळे आणि कोणी आपल्यासाठी स्वतःची पत पणाला लावणे वेगळे. केळुसकरांनी नुसती शिष्यवृत्तीची बातमी दिली असती तर तिचा उपयोग किती झाला असता?

आता आजच्याकडे. शासकीय वसतिगृहांत जागा अपुऱ्या पडतात, म्हणून प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या खात्यात राहण्या-जेवण्याचा खर्च थेट जमा करणाऱ्या योजना राज्यात आल्या. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना त्यांपैकी एक. ज्याला आज रात्री कुठे झोपायचे हा प्रश्न आहे त्याला तो पैसा मिळालाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु पैसे देऊन वसतिगृहाची जबाबदारी संपली असे प्रशासनाने मानू नये. खात्यावरच्या रकमेतून चौघांत घेतलेल्या भाड्याच्या खोलीचे पैसे भागतात, पण दोन वर्षे पुढचा विद्यार्थी, जुने माजी विद्यार्थी, मुलाची नीट माहिती असलेला अधीक्षक या गोष्टी त्या रकमेत येत नाहीत. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांची स्थितीही पाहावी. गाव सोडून आलेली शेकडो मुले कप्प्याकप्प्यांत शेजारीशेजारी बसतात आणि शांततेच्या नियमामुळे दिवसभर एकमेकांशी बोलत नाहीत. जे काही नाते जुळते ते मेसच्या रांगेत आणि चहाच्या टपरीवर. तिथे जुळते हे खरे, आणि आधी निवड झालेले काही जण परत येऊन धाकट्यांच्या मुलाखतींची तयारी करून घेतात हेही खरे. पण त्या टपरीवर रात्री साडेदहाला उभे राहण्याची मुभा मुलींना किती आहे? मुलींच्या बाबतीत हा प्रश्न मी नोकरीत असताना रोज पाहिला आहे. शेवटच्या एसटीसाठी चार वाजता ग्रंथालयातून उठून जाणारी मुलगी वर्गात पहिली येत असे, आणि तरीही प्राध्यापकांपैकी कोणाला तिचा चेहरा आठवत नसे, कारण ज्या वेळी गप्पा होतात, पुस्तकांची देवघेव होते, कोणत्या संस्थेत कोणती जागा निघाली हे कळते, त्या वेळी ती बसमध्ये असे. तिला नेटवर्किंगची कार्यशाळा देऊन काय साधणार? रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले, तेव्हा बायकांना एकत्र बसून शिकायला हक्काची जागा लागते हे त्यांना कळले होते. शंभर वर्षांनंतर महाविद्यालयांच्या वेळापत्रकांत ते दिसत नाही.

विद्यार्थ्यांच्या बाजूनेही काही बोलले पाहिजे, नाहीतर सगळा दोष व्यवस्थेवर टाकल्यासारखे होईल. परदेशी विद्यापीठाच्या अर्जाची मुदत संपायच्या आदल्या दिवशी शिफारसपत्र मागायला येणारे विद्यार्थी दरवर्षी असत. ज्या सरांकडे पत्र मागायचे त्यांना तीन वर्षांत त्यांनी एकही प्रश्न विचारलेला नसे, आणि बिचारे सर मग ‘कष्टाळू व होतकरू’ असे छापील पत्र लिहून देत, ज्याचा उपयोग कोणालाच होत नसे. याउलट जी मुले वाचलेल्या पुस्तकातली न कळलेली जागा नेमकी दाखवून विचारत, मागितलेले पुस्तक सांगितलेल्या दिवशी परत आणत, आणि कोणी सुचवलेल्या जागेसाठी अर्ज केल्यावर निवड झाली नाही तरी येऊन तसे सांगत, त्यांच्यासाठी शिक्षक स्वतःहून दूरध्वनी करत. निवड न झाल्याचे येऊन सांगणे ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण मदत करणाऱ्याला पुढच्या वेळी त्याच मुलाचे नाव आठवते ते त्यामुळेच, असे माझे निरीक्षण आहे. तसेच जे विद्यार्थी स्वतः अजून कुठेही पोचले नव्हते पण खालच्या वर्गातल्या मुलांना टिपणे देत, अर्ज भरून देत, त्यांच्याबद्दल सगळीकडून चांगले ऐकू येई. वरच्याकडे हात पसरण्याआधी खालच्याला हात देणे हा काही सद्गुणाचा धडा म्हणून मी सांगत नाही. धाकटी मुले पुढे जाऊन पसरतात आणि अनपेक्षित ठिकाणी भेटतात, हा साधा व्यवहार आहे.

तेव्हा आपल्या पुरवणीला माझ्या विनंत्या अगदी व्यवहारी आहेत. प्रवेशाच्या हंगामात महाविद्यालयांच्या गुणवत्ता याद्यांबरोबर प्रत्येक जिल्ह्यातील वसतिगृहांत एकूण जागा किती, त्यातल्या भरलेल्या किती, अधीक्षकाचे पद भरलेले आहे की रिकामे, आणि मुलींसाठीच्या जागा किती, ही माहिती छापावी. ती माहिती अधिकारात मिळू शकते आणि जिल्हा वार्ताहरांना अवघड नाही. महाविद्यालयांची ग्रंथालये संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असतात आणि शेवटच्या बसची वेळ काय असते, हे शेजारी शेजारी छापले तर अनेक प्राचार्यांना प्रथमच काही दिसेल. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांच्या बातम्या आपण देता. त्या देताना मेळाव्यात किती देणगी जमली यासोबत, सध्या शिकणाऱ्या किती विद्यार्थ्यांशी माजी विद्यार्थी वर्षभर संपर्क ठेवून आहेत, हेही संयोजकांना विचारावे. आणि ‘नेटवर्किंग’वरचा पुढचा लेख छापण्यापूर्वी तो एखाद्या आश्रमशाळेतून बारावी होऊन आलेल्या मुलीला वाचायला देऊन तिचे मत लेखाखाली छापावे. तिच्या मताला मी उत्तर पाठवीन, आणि तिची इच्छा असेल तर आमच्या जिल्ह्यातील कोणते ग्रंथालय तिला संध्याकाळी बसायला जागा देईल याची चौकशीही करीन.

आपला नम्र,
एक निवृत्त ग्रंथपाल
जिल्हा सातारा